उजवा आधी घालावा, डावा आधी बांधावा

मी, खाली सही करणार, धंद्याने जोडे शिवणारा, वय सत्तरीच्या पुढे, आमच्या रस्त्यावर ‘मागचे जोडेवाले’ या नावाने ओळखला जाणारा, असे लिहून ठेवतो की आज सकाळी मी उठलो. ही बातमी मुद्दाम पहिल्या वाक्यात घातली आहे. आम्हा यहुदी लोकांत असे मानतात की रात्री झोपताना जीव देवाकडे ठेव म्हणून ठेवायचा, आणि सकाळी तो परत मिळाला की हात धुण्याच्याही आधी आभार मानायचे. आज ठेव परत मिळाली. तपासून पाहिली, पुरी होती. सुईचे नेढे दिसते, कातडे कापायची रापी हातात स्थिर राहते, डोके ठिकाणावर आहे. मुलगी म्हणते ते कधीच ठिकाणावर नव्हते, पण वकीलबाईंनी तिचे म्हणणे नोंदवून घ्यायला नकार दिला. तेव्हा कोणाच्या दबावाखाली नाही, कोणाच्या भुलवण्याने नाही, तर राजीखुशीने हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

निमित्त डॉक्टरांचे. हृदयाची झडप झिजली आहे म्हणाले. मी विचारले, टाच बदलतात तशी बदलता येईल का? ते म्हणाले, या वयात टाका धरणार नाही. मला लगेच पटले, कारण जुन्या कातड्याला टाका धरत नाही हे मीच गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो. तिथून घरी आलो तो मनावर दडपण असे काही नव्हतेच. उलट प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी होते तशी लगबग अंगात आली. कोणाला काय द्यायचे याचा विचार करण्यात इतका आनंद असतो हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी दरवर्षी मृत्युपत्र केले असते.

लिहायला मंगळवारी बसलो आहे. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागतो, मग लेखणीला हात लावायचा नाही. त्याच्या आत सही झाली पाहिजे. वकीलबाई म्हणतात मजकूर मोजका ठेवा. प्रयत्न करीन.

कलम १. मागची खोली

माझी मुख्य मालमत्ता म्हणजे दुकानाची मागची खोली. दार एक, तेही गल्लीत उघडणारे. खिडकी एक, तिच्यासमोर दुसऱ्याची भिंत. ही खोली माझ्याकडे कशी आली ते लिहिणे भाग आहे, कारण वकीलबाईंना मालकीचा खुलासा हवा आहे.

हे दुकान पूर्वी रस्त्यापासून गल्लीपर्यंत एकच होते आणि आमच्या बाबांचे होते. बाबा थकले तेव्हा त्यांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवले. म्हणाले, आपल्या पूर्वजांनी जमीन वाटून घेतली ती चिठ्ठ्या टाकून, मीही तसेच करणार. त्यांनी पायातले बूट काढले, दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक उजव्या बुटात टाकली आणि एक डाव्या. मोठा म्हणून पहिला मान माझा. मी उजव्यात हात घातला. माझ्या हातून दुसरे काही होणेच शक्य नव्हते. जोडा घालताना उजवा आधी घालायचा आणि बंद बांधताना डावा आधी बांधायचा, ही आमच्यातली शिकवण. उजव्याला पहिला मान मिळाला म्हणून डाव्याने रुसून बसू नये, असे बाबा सांगत. आम्ही पाऊल टाकायला लागलो तेव्हापासून सांगत.

उजव्या बुटातून निघाली मागची खोली, शिवायचा बाक आणि हत्यारे. डाव्यातून धाकट्याला मिळाली रस्त्याकडची बाजू, काचेची शोकेस आणि दारावरची घंटी.

मी तेव्हाच मनाशी म्हटले, बाबांना माझी सवय पक्की ठाऊक होती. मी उजव्यात हात घालणार हे माहीत असूनच त्यांनी अंधार उजव्यात टाकला आणि उजेड लाडक्यासाठी डाव्यात ठेवला. धाकटाही त्या दिवसापासून तोंड फुगवूनच होता. शोकेस मिळूनही याचे तोंड का वाकडे, ते मला कळेना. बाबा गेल्यावर आम्ही एकमेकांना ‘तुझं तुला लखलाभ’ म्हणालो, ते ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात, आणि मधे भिंत घातली. त्याला आता चाळीसेक वर्षे झाली असतील. बोलणे नाही. तो तयार जोडे विकतो, मी फाटलेले शिवतो. त्याची घंटी मला ऐकू येते, माझी हातोडी त्याला.

सदर खोली माझ्या पश्चात माझ्या मुलीची. ती बस चालवते. काम दिवसभर बसून, त्यामुळे तिचे जोडे झिजतच नाहीत. या धंद्याचा याहून मोठा अपमान दुसऱ्या कोणी केला नसेल, तरी खोली तिचीच.

कलम २. शुक्रवारचे फडके

बाकावर टाकायचे निळे फडके, कडेला शिवण उसवलेले, मुलीलाच द्यावे. उसवलेली शिवण तिने शिवू नये. ती तिच्या आईच्या नखाने उसवली आहे.

हे फडके म्हणजे काय ते लिहितो, कारण माझी खरी कमाई तीच. शुक्रवारी संध्याकाळ व्हायला लागली की बाकावर हमखास काहीतरी अर्धवट असायचे. एका बुटाला तळ नाही, दुसऱ्याला जीभ नाही. माझी बायको दिवे लावायच्या आधी जिना उतरून यायची, ते सगळे पसाऱ्यासकट झाकायची आणि म्हणायची, “झालं सगळं.” मी म्हणायचो, कुठे झालंय? ती म्हणायची, “शब्बाथला काम संपलंय असं समजायचं असतं. समजा.” आमच्या जाणत्यांचे सांगणे तसेच आहे. नुसते हात थांबवायचे नाहीत, मनातला बाकही आवरायचा. पहिली काही वर्षे मी फक्त हात थांबवत होतो. जेवताना कान मात्र भिंतीला. पलीकडे आज घंटी किती वाजली, याचा हिशेब डोक्यात चालू. एकदा ती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “घंटी त्यांची, कान तुमचे. फुकट कशाला भाड्याने दिलेत?”

मला हसू आले, आणि हसता हसता काहीतरी सैल झाले. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा मी माझी खोली नीट पाहिली. समोरची भिंत दुपारी उन्हाने उजळते आणि तो उजेड परतून थेट बाकावर पडतो. सावली न पाडणारा असा उजेड शिवणकामाला लाखात एक. शोकेसमध्ये तो मिळाला नसता. आमचे जाणते श्रीमंती जोखताना कोणाची तिजोरी उघडत नाहीत. आपला वाटा पाहून माणसाचा चेहरा फुलतो का, एवढेच बघतात. तरुणपणी मला वाटे, हे गरिबाला गप्प बसवायचे बोलणे आहे. पण त्यांनी सोसायला सांगितलेलेच नाही. ते सांगतात हरखायला. कुढत सोसले तर ते ओझे, त्याला वाटा म्हणत नाहीत. आणि हरखलेला माणूस गप्प बसत नाही, हे माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

बायको जाऊनही आता बरीच वर्षे झाली. शुक्रवारी फडके मीच टाकतो आणि ‘झालं सगळं’ हेही मीच म्हणतो. तिची आठवण रोजच येते, पण त्या वेळी फार येते.

कलम ३. न नेलेले जोडे

वरच्या फळीवर दुरुस्त होऊन पडलेले आणि कोणी न नेलेले जोडे आहेत. ते माझे नाहीत, म्हणून कोणाला देता येत नाहीत. मुलीने ते पुसून ठेवावेत. लाल सँडलवाल्या बाई आल्या तर त्यांना सांगावे की टाच मजबूत केली आहे, आता नवऱ्यावर फेकली तरी तुटणार नाही.

कलम ४. प्रार्थनालयातली जागा

माझी खिडकीजवळची जागा प्रार्थनालयाच्या कारभाऱ्यांना द्यावी. ते माझे लहानपणापासूनचे मित्र. तिथे वारा लागतो, तू आजारी पडशील, असे ते मला मी बसायला लागल्यापासून सांगत आले आहेत. आता त्यांनी बसावे आणि वारा किती छान येतो ते पाहावे.

कलम ५. शनिवारचे जोडे

माझे तपकिरी बंदाचे जोडे, जे मी स्वतः शिवले आणि फक्त शब्बाथला घातले, ते माझ्या धाकट्या भावाला द्यावेत. माझ्या मृत्यूनंतर मुलीने ते खोक्यात घालून काकाच्या दुकानात नेऊन ठेवावेत. निरोप वगैरे काही नको.

कारण असे. आम्हा दोघांच्या पायाचे माप एकच. बाबा दोघांचे जोडे एकाच लाकडी फर्म्यावर चढवायचे, आणि तो फर्मा माझ्या वाट्याला आला. प्रार्थनालयात धाकटा माझ्या पुढच्या रांगेत बसतो. उभे राहायची वेळ आली की सारखा या पायावरून त्या पायावर होतो. दुकानभर जोडे, आणि मालकालाच चावतात. मागच्या माणसाला हे कळते, आणि मागचा माणूस मी असल्यामुळे जरा जास्तच कळते. आमच्यात रोज सकाळी एकेका गोष्टीसाठी आभार मानायचे असतात. डोळे उघडले त्याचे, कपडे अंगावर आले त्याचे. पण ‘माझी सगळी गरज भागली’ हे म्हणायचे ते जोडे पायात घातल्यावर. लहानपणी मी बाबांना विचारले होते, सगळी गरज जोड्यात कशी काय भागते? बाबा म्हणाले होते, जोडे पायात असले की माणूस घराबाहेर पडतो, बाकीचं तो मिळवून आणतो. हे वाक्य पुढच्या रांगेतला माणूस चावऱ्या जोड्यात उभा राहून रोज म्हणतो, ते मला बघवत नाही. बस, एवढेच.

बुधवार.

इथे कामात खोळंबा झाला. साक्षीदार म्हणून कारभाऱ्यांना बोलावले आणि वरचा मजकूर वाचायला दिला. जागेचे कलम त्यांनी खोकून ओलांडले. पाचव्या कलमापाशी थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी आत्ताच मेलो आहे.

“जन्म गेला तुझा जोड्यांत,” ते म्हणाले. “मेलेल्याचे जोडे आपल्यात कोणी घालतं का?”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ही आमच्यातली इतकी जुनी रीत, आणि मी ती विसरावी. गेलेल्या नवऱ्याचे बूट मुलाच्या मापाचे करून द्या म्हणत आलेल्या किती बायकांना मी स्वतः हात जोडून परत पाठवले आहे. दुसरा कोणी विसरला असता तर मी त्याला रस्ताभर हसलो असतो.

मग मी वकिली केली. म्हटले, काही जण म्हणतात की मरताना पायात होते तेवढेच वर्ज्य. कारभारी म्हणाले, “मग अनवाणी मर.” हसलो दोघेही. पण ते गेल्यावर कलम पुन्हा वाचले तेव्हा माझे मलाच दिसले. ‘माझ्या मृत्यूनंतर’, ‘खोक्यात घालून’, ‘निरोप नको’. सगळी रचनाच अशी की त्याचे तोंड मला बघावे लागू नये. जोडे द्यायचे तर मी असताना द्यायचे, आणि तेही आता, झडप चालते आहे तोवर. आणि त्याने घेतलेच नाहीत तर? तर ते पायातच राहणार, माझ्याबरोबर वाया जाणार, आणि आमचे न बोलणे कायमचे होणार. मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, मी येऊ का बरोबर? नको म्हटले.

गुरुवार.

गल्लीतून निघालो, वळसा घालून रस्त्यावर आलो. खोके बगलेत. छाती धडधडत होती, आणि झिजलेल्या झडपेला ते चांगले नव्हे हे मला ठाऊक होते. दार ढकलले आणि घंटी वाजली. इतकी वर्षे भिंतीमागून ऐकलेली ती घंटी, आणि या वेळी ती माझ्यासाठी वाजली. मला त्या क्षणी इतका हर्ष झाला की कशासाठी आलो ते विसरून मी वर तिच्याकडेच बघत राहिलो.

धाकटा काउंटरमागे खोकी लावत होता, पाठमोरा. सवयीने म्हणाला, “या. काय दाखवू?”

मी म्हटले, “मीच दाखवायला आलोय.”

तो वळला. केस सगळे पांढरे, रोज मागून बघतो तरी समोरून वेगळेच वाटले. हातातले खोके काउंटरवर ठेवले. मग हळूच म्हणाला, “दादा, बरा आहेस ना?”

मी म्हटले बरा आहे, पण फार दिवस नसेन. हे जोडे तुला द्यायचेत, आणि मी गेल्यावर तुला ते घालता येणार नाहीत, म्हणून घाईने आलो. त्याने खोके उघडले, एक जोडा हातात घेतला, अंगठ्याने शिवणीवरून गेला, टाचेपासून चवड्यापर्यंत. बाबा जायचे तसाच. आणि त्याचे डोळे भरून आले.

“हेच,” तो म्हणाला. “हेच मला येत नाही. कधी शिकायलाच मिळालं नाही. बाबांना ठाऊक होतं तू उजव्यात हात घालणार. म्हणून त्यांनी बाक तुला दिला. हत्यारं, फर्मे, सगळी विद्या तुला, आणि मला रस्त्यावर उभं केलं घंटी वाजवत.”

मी म्हटले, “अरे, बाबांना ठाऊक होतं मी उजव्यात हात घालणार, म्हणून त्यांनी अंधार मला दिला. असं मी इतकी वर्षं धरून बसलो होतो.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आधी तो हसला की मी, ते सांगता येणार नाही. एवढे खरे की मला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसावे लागले, त्याने पाणी आणून दिले, आणि पाणी पिताना पुन्हा हसू फुटून ते माझ्या सदऱ्यावर सांडले. बाबांच्या मनात काय होते ते बाबांनाच माहीत. कदाचित काहीच नसेल. कदाचित त्यांनी दोन चिठ्ठ्या दोन बुटांत टाकल्या आणि देवावर सोडले, जसे ते तोंडाने म्हणाले होते तसेच.

मग मी उठलो आणि त्याला स्टुलावर बसवले. त्याच्या समोर खाली बसलो, जोडे घालून देणारा गिऱ्हाइकासमोर बसतो तसा. तो नको नको म्हणत होता. मी म्हटले, धंदाच आहे माझा. उजवा आधी चढवला. कातडे बसले, कुठे ताण नाही, कुठे पोकळ नाही. मग डावा चढवला. बंद बांधायला मी हात पुढे केला तर त्याने अडवला. वाकून त्याने आधी डाव्याचा बंद बांधला, मग उजव्याचा. उभा राहिला, दोन पावले चालला, आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटला. काय पुटपुटला ते मला माहीत आहे. मीही खाली बसल्या बसल्या आमेन म्हटले.

तेव्हा कलम ५ रद्द समजावे, कारण ते पार पडले.

शुक्रवार.

कलम ६. हत्यारे आणि भिंत

रापी, आऱ्या, हातोड्या, तीन पायांची लोखंडी ऐरण आणि लाकडी फर्मे मुलीच्या मालकीचे राहतील. तिने ती जागेवरच ठेवावीत, आणि कोणी शिकायला म्हणून बाकावर येऊन बसला, मग तो पांढऱ्या केसांचा का असेना, तर त्याला हात लावू द्यावा. आज सकाळी असा एक जण येऊन बसला होता. टाका वाकडा घालतो. तसे मी त्याला स्पष्ट सांगितले आणि तोही खूश झाला.

मधल्या भिंतीत दार पाडायचे आहे. रविवारी गवंडी येतो आहे. तोवर ठेव मला रोज परत मिळाली तर मी समोर उभा राहून पाडून घेईन. नाही मिळाली तर मुलीने उभे राहावे. दार एवढे रुंद हवे की हातात खोकी घेतलेला माणूस तिरका न होता जाईल.

कलम ७. धाकटा भाऊ

या मृत्युपत्राने माझ्या धाकट्या भावाला काहीही मिळत नाही. खिळा नाही, दोरा नाही, कातड्याची चिंधीसुद्धा नाही. हे मी पूर्ण विचारांती आणि मोठ्या आनंदाने लिहीत आहे. वकीलबाईंनी काल समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, आणि मला त्याची सही हवी आहे. हे ऐकून कारभाऱ्यांनीही आपला हक्क सोडला, म्हणाले वारा तुझा तुलाच. तेव्हा कलम ४ सुद्धा रद्द. जागेवर मुलीने माझा कोट ठेवावा, कोणी बसला तर बसू द्यावे.

माझ्या अंगावर कफन घालतील ते आमच्यात सर्वांना सारखेच असते, आणि त्याला खिसा नसतो. शिवणाऱ्याच्या नजरेने मला ते नेहमी अपुरे वाटायचे. आता वाटते, पुरे आहे. बरोबर न्यायचे काही उरलेच नाही.

वर लिहिलेले सर्व मी शुद्धीवर असताना लिहिले, दोन्ही साक्षीदारांच्या देखत वाचून दाखवले, आणि दोघांनी माझ्यादेखत सही केली. मुलगी वर दिवे लावायची तयारी करते आहे आणि आवरा म्हणून हाका मारते आहे. बाकावर एक बूट अजून तळाविना आहे. त्याच्यावर फडके टाकतो. झालं सगळं.

स्थळ: मागची खोली, बाकाजवळ.
दिनांक: शुक्रवार, सूर्य मावळायच्या आत. आकडे वकीलबाई घालतील.

मृत्युपत्र करणार: (सही) मागचे जोडेवाले

साक्षीदार पहिला: (सही) प्रार्थनालयाचे कारभारी. मजकूर वाचला. वाऱ्याबद्दल माझे मत कायम आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) पुढचे जोडेवाले, वरील इसमाचा सख्खा धाकटा भाऊ. लिहून देतो की मला या मृत्युपत्रातून काहीही मिळालेले नाही. सही करताना जोडे पायात होते, आणि दादा समोर बसलेला होता.